देवगांडुळाचे नातेवाईक सेशेल्समध्ये कसे?

आजचा भाग एका कबुलीनं सुरू करते. मी दहा वर्षांची असताना माझ्यामुळे एक जीव गेला.

आमचं आजोळ आंबोली घाटाच्या पायथ्याशी. सुट्टी संपत आलेली, मिरगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. मामा गायरीतलं, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यातलं खत उपसत होता आणि मी बाजूला उभी राहून आंब्याची कोय चोखत होते. फावड्याच्या एका घावासरशी ढेकूळ फुटलं आणि आतून काहीतरी जांभळट काळं, वीतभर लांब, चकचकीत असं वळवळत बाहेर आलं. मी किंचाळले, "मामा, जनावर!" कोकणात सापाला सरसकट जनावर म्हणतात. मामानं विचार न करता फावडं हाणलं. खेळ खल्लास.

आवाज ऐकून आजी मागच्या दारी आली. तिनं वाकून बघितलं आणि मामाला म्हणाली, "तां देवगांडूळ होतां. कित्याक मारलंस?" मामा गप्प. मीही गप्प, कारण ओरडले मी होते.

आता सांगते हे देवगांडूळ काय प्रकरण आहे. नावात गांडूळ आहे, दिसायला साप आहे, पण खरं बघाल तर तो बेडकाचा चुलतभाऊ. उभयचर प्राणी. पाय नाहीत, डोळे जवळजवळ निकामी, अंगावर कड्यांसारख्या वळ्या. विष वगैरे माणसाला घाबरवेल असं काही नाही. बहुतेक आयुष्य ओल्या मातीत, किडे-गांडुळं खात जातं. यांच्या कितीतरी जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. म्हणजे आम्ही मारलं ते कदाचित एखादं घर होतं. असो.

पुढे कॉलेजात असताना एका जुन्या अंकात देवगांडुळाचा फोटो दिसला आणि मी वाचायला बसले. तेव्हा कळलं की २००३ साली आंबोलीहूनच एका नव्या जातीची नोंद झाली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलंय, गेगेनियोफिस डॅनिएली. दुसरी एक जात १९६० मध्ये खंडाळ्याहून नोंदलेली. तिसरी २००४ मध्ये सातारा जिल्ह्यातून, आणि तिच्या नावातच महाराष्ट्र आहे, इंडोटायफ्लस महाराष्ट्रेन्सिस. इथपर्यंत मला अभिमान वगैरे वाटत होता. मग पुढचं वाक्य आलं. या देवगांडुळांचे जवळचे नातेवाईक कुठे राहतात? सेशेल्स बेटांवर.

मंडळी, मोबाईलवर नकाशा उघडा. मुंबईपासून सेशेल्स तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. मध्ये नुसता हिंदी महासागर. आणि हा प्राणी कसा? अंगाची ओली कातडी वाळली तरी मरतो, खाऱ्या पाण्यात पडला तरी मरतो. त्याला गावातला डांबरी रस्ता ओलांडणं जड जातं. तो समुद्र ओलांडून गेला कसा? की तिकडून इकडे आला?

आज मला सांगायचंय ते हेच. एखादा प्राणी किंवा झाड अमुक ठिकाणीच का राहतं, या प्रश्नाची उत्तरं शोधणारी माणसं बरीच वर्षं दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसून काम करत होती. एका खोलीतले म्हणायचे, तिथला पाऊस बघा, माती बघा, खाणं बघा, शत्रू बघा. ही परिसंस्थेची बाजू. दुसऱ्या खोलीतले म्हणायचे, त्याचं घराणं बघा, पूर्वज कोण, कुठून आले. ही उत्क्रांतीची बाजू. दोघांचंही बरोबर, आणि दोघांचंही अर्धंच.

पहिली खोली एकटी कशी अडकते ते बघू. समजा आपण म्हटलं, देवगांडुळाला उबदार हवा, भरपूर पाऊस आणि मऊ माती लागते, म्हणून तो आंबोलीत आहे. छान. मग मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर काय कमी आहे? तिथे घनदाट पावसाळी जंगल आहे. आफ्रिकेत देवगांडुळं आहेत, सेशेल्समध्ये आहेत, आणि या दोघांच्या मध्ये असलेल्या एवढ्या मोठ्या मादागास्करमध्ये एकही नाही! घर तयार आहे, पण राहायला कोणी नाही. एखादं घराणं तिथे पोचलंच नाही किंवा पोचून संपलं, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या आहेत. पर्जन्यमापक बघून त्या कळत नाहीत.

आता इतिहासाच्या खोलीत जाऊ. समुद्राच्या दोन्ही तीरांवर सारखे प्राणी, हे कोडं जुनं आहे. १८६४ साली फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं बघितलं की लेमूर मादागास्करमध्ये आहेत आणि त्यांच्यासारखेच लोरिस भारतात. त्यानं सुचवलं की मध्ये पूर्वी एक मोठा भूखंड असणार, जो नंतर समुद्रात बुडाला. त्याला नाव दिलं लेमुरिया. आज ऐकून हसू येतं, पण त्या काळात ही गंभीर कल्पना होती. जमीन जागची हलत नाही असं सगळे धरून चालले होते, मग ती बुडाली असं म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

त्याच सुमारास आपल्याकडे मध्य भारतात भूवैज्ञानिक खडकांचे जुने थर तपासत होते. गोंडांच्या मुलखावरून त्या थरांना त्यांनी गोंडवाना हे नाव दिलं. चंद्रपूरचा कोळसा याच थरांतला, बरं का. त्यातल्या वनस्पतींचे जीवाश्म दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडत होते. ऑस्ट्रियाचे एडवर्ड झ्यूस यांनी ते नाव उचललं आणि एकेकाळी एकत्र असलेल्या दक्षिणेकडच्या सगळ्या भूभागाला गोंडवानालँड म्हटलं. म्हणजे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या गोंडांचं नाव आहे, आणि बऱ्याच जणांना ते माहीतही नाही.

१९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं सांगितलं, भूखंड बुडाले नाहीत, सरकले. लोकांनी त्याला उडवून लावलं. १९६० च्या दशकात समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला, तळ मध्ये फाटतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो हे दिसलं, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं पटलं. वेगेनर मात्र १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात वारला होता.

तर झालं असं. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स एकत्र होते आणि सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेपासून सुटायला लागले. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सही सुटलं. आणि भारत एकटा उत्तरेकडे निघाला, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास अशा वेगानं. जमिनीसाठी हा वेग म्हणजे एक्सप्रेस गाडीच. पुढे पाचेक कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि हिमालय उचलला गेला.

म्हणजे देवगांडूळ समुद्र ओलांडून गेलाच नाही. तो आपल्या मातीत बसून होता. मातीच दोन तुकड्यांत फाटली, मध्ये समुद्र आला, आणि एका घराण्याच्या दोन शाखा झाल्या. सेशेल्सची मुख्य बेटं प्रवाळाची नाहीत, ग्रॅनाइटची आहेत. भूखंडाचा मागे राहिलेला तुकडाच तो.

तुम्ही म्हणाल, हे कशावरून? यासाठी २००३ सालीच आणखी एक साक्षीदार पुढे आला. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाय्ट यांनी केरळच्या इडुक्की जिल्ह्यातून एक जांभळा, फुगलेला, नाकाशी टोकदार बेडूक जगापुढे आणला. नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. नासिका म्हणजे नाक, आणि पुढे आपला सह्याद्री. हा वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खातो आणि पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस वर येतो. केरळात त्याला महाबळीचा बेडूक म्हणतात, कारण बळीराजाही ओणमला वर्षातून एकदाच पाताळातून वर येतो. आपण बलिप्रतिपदेला ज्याची आठवण काढतो, तोच बळी.

या बेडकाचा डीएनए तपासला तर सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्सचे चिमुकले बेडूक. त्यातला एक तर जेमतेम ११ मिलिमीटरचा. दिसण्यात काडीचं साम्य नाही. पण डीएनएत बदल साठत जातात, आणि त्यावरून दोन शाखा किती जुन्या काळी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. त्या अभ्यासात अंदाज आला सुमारे १३ कोटी वर्षांचा. समजा तो दोन कोटी वर्षांचा आला असता, तर आपण म्हणालो असतो की कोणीतरी ओंडक्यावर बसून समुद्र पार केला. पण फाटाफूट समुद्र तयार होण्याच्याही आधीची आहे, म्हणजे ओंडक्याची गरजच नाही. तारीख अशी उपयोगी पडते.

आता मला वाटलं होतं, संपली गोष्ट. इतिहास जिंकला. पण थांबा.

भारत प्रवासात असतानाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या महाराष्ट्राच्या जागी जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. एकदा नाही, थरावर थर. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, रायगडाला, राजगडाला, त्या याच थरांच्या. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा पाषाण पसरलेला आहे. त्याखाली जे काही ओलं, हिरवं, वळवळतं होतं त्याचं काय झालं असेल, विचार करा.

म्हणून एक कल्पना मांडली गेली. लाव्हा दक्षिणेला केरळ-तमिळनाडूपर्यंत पोचला नाही. जुनी घराणी तिथे तगली आणि नंतर हळूहळू उत्तरेकडे सरकली. जान्हवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी २०१३ मध्ये ही कल्पना गोम वर्गातल्या प्राण्यांवर तपासली. गोमच का? कारण गोमही जुनी, जमिनीला धरून राहणारी, लांब न जाणारी. त्यांना दिसलं की सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे गोमींच्या जुन्या शाखा टिकून आहेत आणि तिथूनच उत्तरेकडे प्रसार झाल्याची चिन्हं आहेत.

मग महाराष्ट्रात सदाहरित झाडांच्या, बेडकांच्या जाती दक्षिणेपेक्षा कमी का, याचं उत्तर लाव्हा? इथे पहिल्या खोलीतले लोक हात वर करतात, आणि त्यांचं ऐकायलाच हवं. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. केरळातल्या कितीतरी ठिकाणांपेक्षा जास्त. पण तो पडतो चार महिन्यांत. नंतर सात-आठ महिने ठणठणाट. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला मात्र नैर्ऋत्य मोसमीचाही पाऊस मिळतो आणि परतीचाही, कोरडे महिने दोन-तीनच. झाडाला एकूण किती पाणी मिळालं यापेक्षा सलग किती महिने तहान सोसावी लागली, हे जास्त महत्त्वाचं. आपली आजी सांगायची तसं, श्रावणात जेवण कितीही झालं तरी त्यानं चैत्राची भूक भागत नाही.

मग खरं कारण कोणतं, लाव्हा की कोरडे महिने? माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत. कारण तहान सोसण्याची ताकद हीसुद्धा वारशानं येते. ज्या झाडांचे पूर्वज कोट्यवधी वर्षं बारमाही ओलाव्यात वाढले, त्यांच्या वंशजांना अचानक आठ महिन्यांचा उन्हाळा झेपत नाही. सवय बदलते, पण फार सावकाश, आणि सगळ्यांची बदलतेच असं नाही. बहुतेक घराणी पूर्वजांना मानवेल तशीच जागा शोधत राहतात. म्हणजे आजचा पाऊस दारावरच्या रखवालदारासारखा आहे, आणि कोणाच्या हातात कुठला पास आहे हे इतिहासानं ठरवलेलं आहे.

आणि हे दार सगळ्यांना बंद नाही हं. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यावर मे महिन्यात जा. नुसता तापलेला जांभा. पावसात तिथेच फुलांचा गालिचा. यातल्या कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, कितीतरी जाती जगात फक्त उत्तर सह्याद्रीत आहेत. यांनी युक्ती काय केली? जमिनीत कंद. आठ महिने कंदात झोपायचं, चार महिन्यांत जगून घ्यायचं. जो उन्हाळा सदाहरित झाडाला परतवून लावतो, त्याच उन्हाळ्यानं इथे नवी घराणी उभी केली. म्हणून दक्षिणेपेक्षा आपण गरीब, असं म्हणू नका. आपली श्रीमंती वेगळ्या खात्यात आहे.

उलटी चूकही होते, तीही सांगते. झूऑलॉजिकल सर्व्हेचे सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये सातपुड्याबद्दल एक सिद्धान्त मांडला. डोंगरी ओढ्यांतले मासे खळाळत्या पाण्यात खडकाला घट्ट धरून राहतात. तशाच धाटणीचे मासे ईशान्येकडेही आणि आपल्या सह्याद्रीतही. होरा म्हणाले, हे पूर्वेकडून विंध्य-सातपुड्याच्या रांगेनं इकडे आले असणार. कल्पना सुंदर होती. परिसंस्था आणि इतिहास एकत्र बघणारी होती. काही प्राणी आशियातून इकडे आले हे खरंच आहे. पण पुढे डीएनए आल्यावर कळलं, सारखं दिसणं म्हणजे सख्खं नातं असं नव्हे. सारख्या जागी राहून परकेही सारखे दिसायला लागतात. निलगिरी वानराचंच बघा. काळा, जंगलात राहणारा, म्हणून त्याचे भाईबंद आग्नेय आशियात शोधत होते. डीएनएनं सांगितलं, अहो, हा तर आपल्या देवळाबाहेरच्या हनुमान वानराचा सख्खा भाऊ!

आता तुम्ही विचाराल, ताई, हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला त्याचं काय?

सांगते. गेल्या वर्षी मी आजोळी गेले होते. गावचा सडा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला. म्हणजे काहीच न पिकणारी जमीन. त्याच्या एका कडेला चिरेखाण सुरू झाली होती. चहाच्या टपरीवर एक ओळखीचा मुलगा मला समजावत होता, "ताई, एवढं काय? जेवढं खोदतील त्याच्या दुप्पट झाडं दुसरीकडे लावतील." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कागदावरही असंच चालतं. इथलं जंगल जाऊ द्या, तिकडे पर्यायी वनीकरण करू.

फक्त पहिल्या खोलीचा हिशेब धरला तर हे पटतं. तिकडेही पाऊस आहे, माती आहे, लावा झाडं. पण जागा ही नुसती पाऊस आणि माती नसते. तिथे कोण पोचलं, कोण लाव्हातून वाचलं, कोण हजारो पिढ्यांत कंद करायला शिकलं, हे सगळं त्या जागेत साठलेलं असतं. झाडं दुसरीकडे लावता येतात. ६ कोटी वर्षांचं राहणं दुसरीकडे लावता येत नाही. आणि सड्यावर जिथे झाडं नव्हतीच तिथे झाडं लावणं म्हणजे तर कंदीलपुष्पाच्या डोक्यावरचं ऊन काढून घेणं.

दुसरी गोष्ट हवामानाची. पाऊस मागे-पुढे होतोय, हे आपण सगळे बघतोय. पक्षी उडून जाईल. देवगांडूळ कुठे जाणार? त्याच्या घराण्याला भूखंड फुटताना बघायची सवय आहे, पण ते सगळं वर्षाला काही सेंटीमीटर अशा वेगानं झालं होतं. चिरेखाणीच्या वेगाची त्याला सवय नाही.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त सेशेल्सची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या गायरीत परदेशी पाहुणा?" मी म्हटलं, "पाहुणा तो नाही रे. सह्याद्रीचे हे कडे उभे राहिले त्याआधीपासून त्याचं घराणं या जमिनीवर आहे. पाहुणे आपण."

मामा आता थकलाय, पण गायरी अजून आहे. त्या दिवशी खत उपसायला मी उतरले. फावडं न घेता हातानं. काही सापडलं नाही, नुसती लाल गांडुळं. मामा वरून बघत होता. म्हणाला, "सावकाश गो. असलो तर दिसतलो."

पावसाळा येतोय. तुमच्या गावात, शेतात, परसात असं काही वळवळताना दिसलं तर फावडं उचलायच्या आधी जरा वाकून बघा. अंगावर वळ्या आहेत का, खवले नाहीत ना. ओळख पटत नसेल तर हात लावू नका, लांबून फोटो काढा आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारा, याला आपल्याकडे काय म्हणतात. जी नावं मिळतील ती मला कळवा, एखाद्या भागात सगळी एकत्र वाचू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.